सारख्या दिसणाऱ्या निलगिरी वेगळ्या कशा ओळखाव्यात

निलगिरी ओळखताना बहुतेक चुका खोड पाहून नाव ठरवल्यामुळे होतात. खोड समोरच असते, सालीचा रंग डोळ्यांत भरतो आणि मन तिथेच थांबते. पण ज्या दोन प्रजातींची गल्लत होते त्यांची साल बहुधा सारखीच असते. ती वेगळी असती तर गल्लत झालीच नसती. खरा फरक कळी, बोंड, बी किंवा बुंध्याजवळच्या फुटव्याची पाने यांपैकी कुठेतरी असतो. त्यातही एक अडचण आहे. एका जोडीत निकाल देणारे लक्षण दुसऱ्या जोडीत अगदी निरुपयोगी ठरते. म्हणून सगळ्या निलगिरींना लागू पडेल असे एखादे लक्षण शोधण्यापेक्षा, समोरचे झाड कोणत्या गटातले आहे आणि त्या गटात कोणता अवयव बोलतो, हे आधी ठरवावे.

आपण सरसकट निलगिरी म्हणतो त्या झाडांची तीन प्रजाती-समूहांत विभागणी होते: युकॅलिप्टस, कोरिंबिया आणि अँगोफोरा. एकट्या युकॅलिप्टसमध्ये ७००हून अधिक प्रजाती आहेत आणि मोजक्या सोडल्या तर सगळ्या ऑस्ट्रेलियातल्या. लिंबाच्या वासाची निलगिरी १९९५ पर्यंत युकॅलिप्टसमध्ये धरली जाई. त्या वर्षी केन हिल आणि लॉरी जॉन्सन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी कोरिंबिया वेगळी केली. त्यामुळे जुन्या नोंदींत आणि नव्या नोंदींत एकाच झाडाची दोन नावे सापडतात. दोन्ही नावे एकाच झाडाची आहेत हे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

बरोबर काय न्यावे

दहापट मोठे दाखवणारे भिंग हे पहिले साधन. याशिवाय बी आणि तेलग्रंथी नीट पाहता येत नाहीत. मिलिमीटरच्या खुणा असलेली छोटी पट्टी, धारदार ब्लेड, उंच फांद्यांवरच्या कळ्या मोजायला दुर्बीण, कागदी पाकिटे, वर्तमानपत्राचे कागद आणि पेन्सिल एवढे पुरते. पाकिटे कागदीच हवीत. प्लास्टिकच्या पिशवीत पाने घाम धरतात, दोन दिवसांत काळी पडतात आणि बोंडांना बुरशी येते. शाईचे पेनही टाळावे; ओल्या पानाला लागून लेबलवरची शाई फुटते.

एका झाडाचा पूर्ण नमुना म्हणजे सहा गोष्टी: वाढ पूर्ण झालेल्या कळ्यांची डहाळी, पिकलेली बोंडे, मोठ्या झाडाची पाने, फुटव्याची किंवा रोपाची पाने, सालीचा तुकडा आणि सालीचे दोन फोटो. एक फोटो बुंध्याचा, दुसरा संपूर्ण झाडाचा, खरखरीत साल कुठवर चढते ते दिसेल असा. सहापैकी चार मिळाल्या तरी बरेचदा काम होते. फक्त पाने असतील तर नाव ठरवण्याचा हट्ट धरू नये.

जमिनीवर पडलेली बोंडे उचलून नमुन्यात घालणे ही सगळ्यात महागात पडणारी घाई आहे. मिश्र जंगलात ती शेजारच्या झाडाची असू शकतात, उतारावर पावसाने वरून वाहून आलेली असू शकतात. बोंड डहाळीला चिकटलेलेच घ्यावे. फांदी हाती लागत नसेल तर वाऱ्याने नुकतीच मोडून पडलेली, हिरवी पाने असलेली डहाळी चालते. पण तिची पाने वरच्या झाडाशी दुर्बिणीतून ताडून पाहावीत.

कळी वाचायला शिका

युकॅलिप्टस आणि कोरिंबियाच्या कळीचे दोन भाग असतात. खाली पेला आणि वर टोपण. फूल उमलताना टोपण गळून पडते आणि आत दुमडलेले पुंकेसर बाहेर पसरतात. आपल्याला जो झुपका दिसतो तो पाकळ्यांचा नसून पुंकेसरांचा असतो. फलधारणा झाल्यावर पेल्याचेच बोंड होते.

आधी मोजायच्या त्या एका गुच्छातल्या कळ्या. गुच्छ पानाच्या बगलेत एका दांड्यावर येतो आणि त्यात कळ्या सहसा विषम संख्येत असतात: १, ३, ७, ९, ११ किंवा त्याहून जास्त. मधली एक कळी, तिच्या दोन बाजूंना दोन, मग त्या प्रत्येकीच्या बाजूंना पुन्हा दोन, असा हा वाढीचा क्रम आहे. म्हणून पाच किंवा सहा कळ्या दिसल्या तर बहुधा एकदोन गळल्या आहेत असे समजावे. दांड्याच्या टोकाला भिंग लावले की गळलेल्या कळीचा गोल व्रण दिसतो. तोही मोजणीत धरायचा. एकाच गुच्छावर विसंबू नये. झाडाच्या वेगवेगळ्या बाजूंचे निदान दहा गुच्छ मोजावेत आणि जास्तीत जास्त आलेली संख्या घ्यावी.

मग देठ पाहा. गुच्छाचा सामाईक दांडा वेगळा आणि प्रत्येक कळीचा स्वतःचा देठ वेगळा. कळी देठाशिवाय थेट दांड्यावर बसली आहे की लांब देठावर लोंबते आहे, हे लिहून ठेवावे. त्यानंतर टोपणाची लांबी पेल्याच्या तुलनेत किती ते मोजावे. हे मोजमाप पिवळसर होऊ लागलेल्या, उमलायला आलेल्या कळीवरच घ्यावे. कोवळ्या कळीचे टोपण शेवटच्या आठवड्यांत लांब होत जाते, आणि हिरव्या कळीवर घेतलेल्या मापामुळे लांब टोपणाची प्रजाती आखूड टोपणाची ठरते.

पेला आणि टोपण यांच्या सांध्याशी एक बारीक गोल रेघ असते का तेही पाहावे. बऱ्याच प्रजातींत टोपणे दोन असतात. बाहेरचे लवकर गळते आणि त्याचा वळ मागे राहतो. स्ट्रिंगीबार्क, पेपरमिंट आणि उंच अॅश या युकॅलिप्टसच्या गटांतल्या प्रजातींत टोपण एकच असते, त्यामुळे वळ नसतो. ही रेघ दिसली की मोठा गट एका फटक्यात वगळता येतो. अपवाद मात्र आहे: युकॅलिप्टस साइडरॉक्सिलॉनसारख्या (पुढे प्रजातींची नावे बहुधा युकॅलिप्टस हा शब्द गाळून दिली आहेत) काही आयर्नबार्क आणि बॉक्स प्रजातींत बाहेरचे टोपण फूल उमलेपर्यंत आतल्याला चिकटून राहते आणि टोपणे दोन असूनही वळ सापडत नाही.

बोंड, पान आणि साल

बोंडात तीन गोष्टी पाहायच्या. पेल्याचा आकार: अर्धगोल, शंकू, नासपतीसारखा की गळ्याशी आवळलेल्या सुरईसारखा. तोंडाभोवतीची चकती: वर फुगलेली, काठाशी सपाट की आत उतरती. आणि बी बाहेर पडण्यासाठी उघडणाऱ्या झडपा: किती आहेत, काठाच्या वर येतात की आत बुडालेल्या, टोके आत वळतात की बाहेर. झडपांची दिशा फक्त पिकून उघडलेल्या, तपकिरी बोंडावरच खात्रीची असते. हिरव्या बोंडावर त्या मिटलेल्या असतात आणि सगळ्या आत वळल्यासारख्या दिसतात.

पानाची बाब अधिक नाजूक आहे. निलगिरीचे झाड आयुष्यात दोन अगदी वेगळ्या तऱ्हेची पाने धारण करते. रोपावर आणि तोडलेल्या बुंध्याच्या फुटव्यांवर येणारी बालपाने बहुधा समोरासमोर, रुंद, कधी बिनदेठाची आणि मेणाच्या पांढुरक्या थराने निळसर असतात. मोठ्या झाडाची पाने एकाआड एक, लांब, कोयत्यासारखी वाकडी आणि खाली लोंबणारी असतात. दोन वेगवेगळ्या प्रजातींची मोठी पाने सारखी असू शकतात आणि बालपाने पूर्ण वेगळी. उलटही होते. आग लागून गेलेल्या किंवा फांद्या तुटलेल्या मोठ्या झाडाच्या खोडातून जे कोंब फुटतात त्यांवर बालपानेच येतात. ती उपयोगाची असतात, पण झाडाची नेहमीची पाने म्हणून त्यांची नोंद करू नये. या दोहोंच्या मधल्या अवस्थेतली पाने तुलनेसाठी घेऊच नयेत. तिथे सगळ्या प्रजाती एकमेकींजवळ सरकतात.

पान उजेडासमोर धरले की तेलग्रंथी बारीक पारदर्शक ठिपक्यांसारख्या दिसतात. मुख्य शिरेपासून फुटणाऱ्या उपशिरा किती कोनात जातात ते पाहावे. कोरिंबियात त्या दाट असतात आणि मुख्य शिरेशी जवळपास काटकोन करतात. युकॅलिप्टस पॉसिफ्लोरा या प्रजातीत त्या मुख्य शिरेला जवळजवळ समांतर धावतात. पानाच्या दोन्ही बाजूंचा रंग एक आहे की खालची बाजू फिकी आहे, हेही नोंदवावे. सावलीतल्या पानांत हा फरक फसवा होतो, म्हणून उन्हातली डहाळी घ्यावी.

सालीचा उपयोग गट ठरवण्यापुरता. पट्ट्यांनी किंवा पापुद्र्यांनी गळून गुळगुळीत होणारी, लांब धाग्यांत सोलली जाणारी स्ट्रिंगीबार्क, खोल चिरांची आणि डिंकाने कडक झालेली काळी आयर्नबार्क, बारीक धाग्यांची करडी बॉक्स, चौकटी चौकटींत फुटणारी ब्लडवूड. गुळगुळीत सालीच्या झाडाचा रंग ऋतूप्रमाणे बदलतो: साल नुकतीच गळली असेल तर पिवळट, गुलाबी किंवा पांढरी, नंतर करडी. रंगापेक्षा खरखरीत साल खोडावर किती मीटर चढते ते मोजणे जास्त भरवशाचे.

कॅमाल्ड्युलेन्सिस की टेरेटिकॉर्निस

जगभर लावलेल्या निलगिरींत सर्वांत जास्त गल्लत याच जोडीची होते. दोघांची साल गुळगुळीत, करडी-पांढरी, बुंध्याशी थोडी खरखरीत. दोघांची बोंडे लहान, अर्धगोल, चकती फुगलेली, झडपा काठाच्या बऱ्याच वर आलेल्या. कळ्याही सहसा ७ ते ११. इथे बोंड पाहून काहीच ठरत नाही.

कळीकडे वळावे. टेरेटिकॉर्निसचे टोपण लांब, शिंगासारखे निमुळते, पेल्याच्या दुप्पट ते चौपट. कॅमाल्ड्युलेन्सिसच्या दक्षिणेकडच्या मूळ उपप्रजातीत टोपण फुगीर असून टोकाला एकदम चोच निघते. उत्तरेकडच्या ऑब्टुसा उपप्रजातीत ते आखूड आणि बोथट असते. उमलायला आलेली कळी ब्लेडने उभी कापली तर टेरेटिकॉर्निसमध्ये पुंकेसरांचे तंतू सरळ उभे दिसतात. चोचीच्या कॅमाल्ड्युलेन्सिसमध्ये ते आत दुमडलेले असतात.

इथवर सोपे वाटते, पण उत्तर क्वीन्सलँडमधली सिम्युलाटा ही कॅमाल्ड्युलेन्सिसचीच उपप्रजाती टेरेटिकॉर्निससारखे लांब शिंगाचे टोपण घेऊन येते. तिथे कळी फसवते. म्हणून या जोडीत शेवटचा शब्द बियांचा. पिकलेली, अजून न उघडलेली वीस-पंचवीस बोंडे कागदी पाकिटात घालून उबदार कोरड्या जागी ठेवावीत. काही दिवसांत झडपा उघडून बी खाली पडते. ते पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली पाहावे. कॅमाल्ड्युलेन्सिसचे बी पिवळे ते पिवळट-तपकिरी, ठोकळ्यासारखे आणि दुहेरी आवरणाचे असते. टेरेटिकॉर्निसचे बी काळे किंवा काळपट-तपकिरी, लांबट, पृष्ठावर बारीक खळगे आणि कडेला दातरे असलेले, आवरण एकेरी.

याच टप्प्यावर एक चूक हमखास होते. बोंडातून बाहेर पडणाऱ्या भुशात खरे बी थोडे आणि पोचट कण जास्त असतात. फलन न झालेले हे कण हलके, तांबूस-तपकिरी आणि बारीक असतात. ते पाहून टेरेटिकॉर्निसचे बी फिके आहे असा समज होतो. भरीव, मोठे दाणे वेगळे काढावेत आणि नखाने दाबून पाहावेत. आत पांढरा गर निघाला तर तेच बी. रंग त्याचाच पाहायचा.

बालपानेही साथ देतात: टेरेटिकॉर्निसची रुंद, अंडाकृती; कॅमाल्ड्युलेन्सिसची त्या मानाने अरुंद. झाड आपल्या मूळ प्रदेशात असेल तर जागाही सांगते. कॅमाल्ड्युलेन्सिस ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर नद्या आणि कोरड्या ओढ्यांच्या काठाने आतपर्यंत पसरली आहे, टास्मानियात ती नैसर्गिकरीत्या नाही. टेरेटिकॉर्निस पूर्व किनाऱ्याजवळच्या पट्ट्यात व्हिक्टोरियापासून उत्तरेकडे आणि पुढे पापुआ न्यू गिनीपर्यंत जाते. लागवडीत मात्र जागेला काही अर्थ नाही. शिवाय या दोघींचा संकर सहज होतो आणि लागवडीतली पुष्कळ झाडे तशीच असतात. टोपण मध्यम लांबीचे आणि बी मधल्याच रंगाचे असेल तर नाव ओढूनताणून एका बाजूला बसवू नये.

ग्रँडिस आणि सॅलिग्ना

दोन्ही उंच, सरळ, पांढुरक्या खोडाच्या, बुंध्याशी खरखरीत सालीचा आखूड पट्टा असलेल्या, पानांची खालची बाजू फिकी. इथे बी काही सांगत नाही. बोंडाच्या झडपा सांगतात. ग्रँडिसच्या झडपा रुंद आणि टोके आत वळलेली. सॅलिग्नाच्या झडपा बारीक, टोकदार आणि सरळ उभ्या किंवा बाहेर झुकलेल्या. एकदा पाहिले की हा फरक विसरत नाही. ग्रँडिसच्या कळ्या-बोंडांवर मेणाचा निळसर-पांढरा थर बरेचदा असतो, सॅलिग्नाच्या हिरव्या असतात. पण बोटांनी हाताळल्यावर आणि पावसाने हा थर पुसला जातो, त्यामुळे तो नसणे हा पुरावा नव्हे.

रोपवाटिकेत किंवा तोडलेल्या वनात या जोडीसाठी आणखी एक सरळ परीक्षा आहे. सॅलिग्नाच्या रोपाला जमिनीलगत लाकडी गाठ, म्हणजे लिग्नोट्यूबर, येते. ग्रँडिसला येत नाही. रोपाच्या तळाची माती बाजूला करून बीजपत्रांच्या जागेजवळ फुगवटा आहे का ते बोटाने चाचपावे. फार कोवळ्या रोपात सॅलिग्नाची गाठही दिसत नाही, म्हणून काही महिने वाढलेली रोपे घ्यावीत. खरखरीत साल खोडभर चढून मोठ्या फांद्यांपर्यंत गेली असेल आणि बोंडांना देठ नसेल तर बोट्रिऑइडिसचा विचार करावा. सिडनीच्या दक्षिणेकडील किनाऱ्यावर सॅलिग्ना आणि बोट्रिऑइडिस यांच्या मधली झाडे खूप आहेत, आणि तिथे सालीची उंची सलग बदलत जाते.

ग्लोब्युलसचा गोतावळा

निळ्या बालपानांचे रोप दिसले की ग्लोब्युलस म्हटले जाते. पण ग्लोब्युलस, बायकोस्टाटा, स्यूडोग्लोब्युलस आणि मेडेनाय या चौघींची बालपाने सारखीच: समोरासमोर, बिनदेठाची, खोडाला बिलगलेली, निळसर, खोड चौकोनी आणि कडांना पंख. नायटेन्स या आणखी एका प्रजातीचेही रोप जवळपास असेच. म्हणजे या झाडांत बालपाने पाहून फक्त घराणे कळते, नाव कळत नाही.

नाव कळ्यांची संख्या देते. ग्लोब्युलसमध्ये बगलेत एकच कळी, मोठी, खरबरीत, मेणट पांढरी आणि देठाशिवाय बसलेली. तिचे बोंड सगळ्यांत मोठे आणि धारा असलेले. बायकोस्टाटात तीन, त्याही देठाशिवाय. स्यूडोग्लोब्युलसमध्येही तीन, पण लहान आणि दांड्यावर. मेडेनायमध्ये सात. नायटेन्समध्येही सातच, पण तिच्या कळ्या-बोंडे लहान, गुळगुळीत आणि चकचकीत असतात, मेणाचा थर नसतो. नायटेन्स सोडून बाकीच्या चार प्रकारांना काही जण एकाच ग्लोब्युलसच्या उपप्रजाती मानतात, काही स्वतंत्र प्रजाती. त्यामुळे लेबलवर नावाबरोबर कळ्यांची संख्या लिहिणे फार मोलाचे ठरते. वर्गीकरण बदलले तरी ती नोंद बाद होत नाही.

विमिनॅलिस, डॅलरिम्पलिआना, रुबिडा

आता नेमके उलटे उदाहरण. तिघींच्या साली गुळगुळीत, पट्ट्यांनी लोंबणाऱ्या. कळ्या सहसा तीन. बोंडे लहान, झडपा वर आलेल्या. कळ्यांची मोजणी इथे काहीच सोडवत नाही, आणि विमिनॅलिसच्या एका उपप्रजातीत तर कळ्या सात असतात. बालपाने शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. विमिनॅलिसची अरुंद, भाल्याच्या पात्यासारखी आणि हिरवी. डॅलरिम्पलिआनाची अंडाकृती, हिरवी ते निळसर. रुबिडाची जवळजवळ गोल आणि मेणामुळे ठळक राखी-निळी. मोठ्या झाडावर ती मिळत नसतील तर पायथ्याशी उगवलेली रोपे, रस्त्याकडेला तोडलेले बुंधे आणि आगीनंतर खोडातून आलेले कोंब पाहावेत. रोप त्याच झाडाचे आहे याची खात्री नसते, म्हणून झाडाच्या स्वतःच्या अंगावरचा फुटवा मिळाला तर तोच घ्यावा.

लिंबाच्या वासावर विसंबू नका

कोरिंबिया सिट्रिओडोराचे पान चुरडले की सिट्रोनेलाल या तेलातल्या घटकामुळे लिंबासारखा तीव्र वास येतो. वास आला तर ओळख जवळजवळ पक्की. वास आला नाही तर मात्र झाड तशाच दिसणाऱ्या कोरिंबिया मॅक्युलाटाचेच आहे असे होत नाही, कारण सिट्रिओडोराचीच व्हेरिगाटा ही उपप्रजाती या वासाशिवाय असते. तिचे खोड, बोंड, पान सगळे मॅक्युलाटाशी इतके जुळते की नैसर्गिक जंगलात प्रदेश हाच मुख्य आधार उरतो: मॅक्युलाटा न्यू साउथ वेल्सच्या किनारपट्टीवर दक्षिणेकडे, व्हेरिगाटा त्याच्या उत्तरेला. पाने आणि बोंडे या दोघींपेक्षा ठळक मोठी असतील तर कोरिंबिया हेन्रीआय ही प्रजाती पडताळून पाहावी. लावलेल्या झाडाबाबत, रोपे कुठल्या बियांची होती याची नोंद नसेल, तर "मॅक्युलाटा गट" एवढेच लिहिणे प्रामाणिक.

वासाची परीक्षाही नीट करावी लागते. पूर्ण वाढलेले ताजे पान चुरडावे, आणि दुसऱ्या झाडाचे पान चुरडण्याआधी बोटे पुसावीत; तेल हाताला राहते आणि पुढच्या तीन-चार झाडांना लिंबाचा वास लागतो.

या सगळ्या झाडांना युकॅलिप्टसपासून वेगळे काढणे सोपे आहे. कळ्यांचे गुच्छ फांदीच्या टोकाला एकत्र येऊन मोठा झुपका करतात आणि बोंड सुरईच्या आकाराचे, झडपा आत खोल.

आयर्नबार्क आणि उंच अॅश: दोन झटपट उत्तरे

साइडरॉक्सिलॉन आणि ट्रायकार्पा या दोन्ही आयर्नबार्कांची साल काळी, खोल चिरांची. फुले पांढरी, गुलाबी किंवा लाल. रंगावरून नाव देऊ नये, तो दोघींत बदलतो. साइडरॉक्सिलॉनच्या गुच्छात सात कळ्या, ट्रायकार्पाच्या तीन, आणि ट्रायकार्पाचे बोंड मोठे. सातांपैकी चार गळलेल्या असतील तर फसगत होते, म्हणून वर सांगितलेले व्रण इथे आवर्जून मोजावेत.

रेग्नन्स, ऑब्लिक्वा आणि डेलिगेटेन्सिस ही थंड, ओल्या डोंगरांतली उंच झाडे. रेग्नन्स ही जगातल्या सर्वांत उंच सपुष्प वनस्पतींपैकी एक. तिची कळी जमिनीवरून दिसणे कठीण, तरी पडलेल्या डहाळीवर एक खूण तिला इतर दोघींपासून वेगळी करते: पानाच्या एका बगलेतून दोन गुच्छ जोडीने निघतात. बाकी दोघींत एकच. साल साथीला घ्यावी. रेग्नन्समध्ये खरखरीत साल खालच्या काही मीटरांपुरती, डेलिगेटेन्सिसमध्ये साधारण अर्ध्या खोडापर्यंत, ऑब्लिक्वात अगदी लहान फांद्यांपर्यंत. मोठ्या आगीनंतरच्या काही वर्षांत ही उंची विश्वासाची नसते.

काहीच जुळत नाही तेव्हा

लक्षणे दोन प्रजातींत विभागली जाऊ लागली की आधी नमुना मिसळला आहे का ते तपासावे. डहाळी एका झाडाची आणि बोंडे दुसऱ्याची, हे कारण सर्वांत जास्त वेळा सापडते. दुसरे कारण कीड: गाठी आणणारे कीटक कळीत शिरले की कळी फुगून गोल होते, टोपण आखूड दिसते. अशी कळी कापली की आत अळी किंवा पोकळ कप्पे मिळतात. तिसरे कारण अवस्था चुकीची असणे, म्हणजे कोवळी कळी किंवा न उघडलेले बोंड.

ही तिन्ही बाद झाली की संकराचा विचार करावा, पण त्यालाही मर्यादा आहेत. एकाच उपसमूहातल्या प्रजातींचा संकर होतो. एक टोपण असलेल्या गटाचा दोन टोपणांच्या गटाशी होत नाही. म्हणजे ऑब्लिक्वा आणि ग्लोब्युलस यांचा संकर सापडला असे वाटले तर नमुना पुन्हा गोळा करावा. संकर असल्याचा भक्कम पुरावा म्हणजे दोन्ही संभाव्य पालक जवळपास उभे असणे आणि त्या एका झाडाच्या बियांपासून वाढवलेल्या रोपांत बालपाने एकमेकांहून वेगवेगळी निघणे.

लेबलवर तारीख, जागा, उंची, माती, झाड लावलेले की आपोआप उगवलेले, खरखरीत सालीची उंची मीटरांत, ताज्या सालीचा रंग, कळ्यांची संख्या आणि पानावर मेण होते का एवढे झाडाखालीच लिहावे. सुकल्यावर रंग आणि मेण दोन्ही जातात. डहाळी वर्तमानपत्रात दाबून पहिले चार-पाच दिवस रोज कागद बदलावा, एखादे पान उलटे ठेवावे म्हणजे खालची बाजूही दिसते. जाड बोंडे दाबू नयेत, कागद फाटतो आणि पाने दबत नाहीत. ती वेगळ्या पाकिटात घालून पाकिटावर डहाळीचाच क्रमांक टाकावा.